बिनपाकाची वडी

दिवाळीच्या फराळात यंदा नवे काय करावे, हा प्रश्न नवरात्र संपले की घरोघरी उभा राहतो आणि वसुबारसेपर्यंत चकली-चिवडा-शंकरपाळ्यांनीच तो निकालात काढला जातो. नव्याला थोडीफार जागा मिळते ती वड्यांच्या ताटात. वडी हा प्रकारच मुळी उदार. नारळ, दुध्या, गाजर, आले, बटाटा, जे द्याल ते ती पोटात घेते. म्हणून आज मी जो पदार्थ सांगणार आहे, तोही तिच्याच पंगतीला बसवावा अशी माझी विनंती आहे. पदार्थाचे नाव फज. पांढऱ्या चॉकलेटचा, संत्र्याच्या सालीचा वास लावलेला. मराठीच्या मास्तराने वड्या कधीपासून थापायला घेतल्या, असे कुणी विचारील. त्यांनी जरा धीर धरावा. वडीबरोबर थोडी व्युत्पत्तीही ताटात वाढणार आहे.

‘फज’ ह्या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ थाप, बाता, काहीतरीच. गोल्डस्मिथच्या ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ ह्या १७६६ सालच्या कादंबरीतले एक पात्र, बायकांच्या बढाया ऐकवेनाशा झाल्या की मधूनमधून एवढा एकच शब्द टाकून मोकळे होते. हिशेबात गोलमाल करणे ह्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद आहे. मिठाईला हे नाव चिकटले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावी वासर नावाचे त्या काळी केवळ मुलींचे असलेले कॉलेज आहे. तिथल्या एमेलिन हार्ट्रिज ह्या विद्यार्थिनीचे एक पत्र जपून ठेवलेले आहे. त्यात ती सांगते की, १८८६ साली बाल्टिमोरला हा पदार्थ पौंडाला ४० सेंट भावाने विकत मिळे. एका शाळासोबतिणीच्या नात्यातून तिने कृती मिळवली आणि १८८८ साली कॉलेजातल्या लिलावासाठी तब्बल ३० पौंड फज केला. पुढे स्मिथ, वेलस्ली अशा दुसऱ्या मुलींच्या कॉलेजांनीही आपापल्या कृती काढल्या. म्हणजे हा पदार्थ वसतिगृहातल्या पोरींनी नावारूपाला आणला. आचाऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

आता गंमत पाहा. त्या पोरींचा फज म्हणजे आपली पाकाची वडीच होती. साखर, दुधाची साय, थोडे चॉकलेट आणि लोणी एकत्र उकळायचे आणि पाक अचूक ठिकाणी आला की उतरवायचा. हे ठिकाण ११२ ते ११६ अंश सेल्सियसच्या दरम्यान येते. पण थर्मामीटर जवळ नसेल तर काय करायचे? थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळा करून पाहायचा. मऊ गोळी झाली की झाले. आपल्याकडे गोळीबंद पाक पाहतात तो असाच. मग मात्र त्यांची रीत वेगळी होते. भांडे न हलवता निवू द्यायचे, हाताला कोमट लागेल इतके, आणि मग हात भरून येईपर्यंत घोटायचे. आधीच ढवळले तर साखरेचे मोठे दाणे धरतात आणि जिभेला वाळू लागते. कोमट झाल्यावर घोटले तर दाणे इतके बारीक धरतात की जिभेला ते कळतही नाहीत. पाकाने बिघडलेल्या वड्या ज्यांनी दिवाळीत चमच्याने खाल्ल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

हल्ली ‘सोपा फज’ म्हणून जो केला जातो त्यात पाक नाही, गोळी नाही, घोटणे नाही. डब्यातले आटीव दूध आणि चॉकलेट मंद आचेवर एकजीव केले, थाळीत ओतले, थंड केले, संपले. असे कसे होते? ह्याचे उत्तर मला बरेच दिवसांनी सापडले. ढवळायचे आणि आटवायचे काम वाचलेले नसते. ते आपल्या आधी कुणीतरी करून ठेवलेले असते. गेल बॉर्डन ह्या अमेरिकन गृहस्थाने हवा काढून घेतलेल्या भांड्यात दूध कमी उष्णतेवर आटवण्याचे पेटंट १८५६ साली मिळवले. त्याच्या मागोमाग साखर घातलेले आटीव दूध डब्यात आले. चॉकलेटचीही तीच कथा. बर्न शहरातल्या रोडॉल्फ लिंट ह्याने १८७९ साली असे एक यंत्र बनवले की, ते चॉकलेट तासन् तास घोटीत राही. तोवर दाताखाली करकरणारे चॉकलेट त्याने लोण्यासारखे केले. पांढरे चॉकलेट त्यामानाने पोर आहे. कोकोच्या बियांतला काळा भाग वगळून नुसते कोकोचे लोणी, दूध आणि साखर ह्यांचे हे चॉकलेट युरोपात १९३०च्या दशकात बाजारात आले. तेव्हा डबा उघडून पुडा फोडला की, आपल्या पुढ्यात दोन कारखान्यांचे घोटणे आयतेच येऊन पडते.

ह्या घोटण्याचा हिशेब मी एवढा का मांडतो आहे, ते सांगायला हवे. आम्ही मूळचे नागपूरचे. पुण्याला येऊन आता वीस वर्षे होतील, पण आमच्या दिवाळीच्या डब्यात अनारसे नसले तरी चालत असे. संत्र्याची वडी नसली तर मात्र चालत नसे. ती आईची. संत्री सोलायची, फोडींची साले आणि बिया काढायच्या, नुसता गर साखरेबरोबर कल्हई केलेल्या पितळी कढईत शिजवायचा, मग खवा घालायचा आणि तास-सव्वा तास हात न थांबवता परतायचे. मिश्रण कडा सोडू लागले, कढईत गोळा फिरू लागला की तुपाचा हात लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने थापायचे. ह्या तास-सव्वा तासात आईशी कुणी बोललेले तिला खपत नसे. आंबट रस, दूध आणि साखर ही तिघे एका कढईत नांदवायची म्हणजे सोपे काम नव्हे. रस आटायच्या आत खवा पडला तर दाणे फुटतात, उशिरा पडला तर वडी चिवट होते.

२०२३ साली तिचा उजवा खांदा आखडला. वय ७७. डॉक्टरांनी पोळ्यासुद्धा लाटू नका म्हणून सांगितले. दिवाळी जवळ आली तेव्हा ही म्हणाली, “आई, यंदा वडी नागपूरहून मागवू या. तिथली संत्रा बर्फी काय वाईट आहे?” आई म्हणाली, “मागवा की.” आणि त्याच दुपारी तिने कामवाल्या बाईंना सांगून पितळी कढई धुऊन, पुसून, जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवून घेतली. घरात कुणी काही बोलले नाही. फराळाचे चारी दिवस ती आपल्या खोलीत जपमाळ घेऊन बसली. स्वयंपाकघरातून कुणी “आजी, मीठ पाहा गं” म्हणून हाक मारली, तर “तुम्हाला येतं की” एवढेच उत्तर येई.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, आमची लेक वसतिगृहातून सुटीला आली ती हा फज शिकून. वसतिगृहातल्या पोरी सव्वाशे वर्षांनंतरही तेच करतात, हे पाहून मला वासरच्या त्या बाईंची आठवण झाली. लेकीने ओट्यावर डबा, चॉकलेट आणि संत्री मांडली. आई दारात येऊन उभी राहिली.

“हे काय करून राहिले तुम्ही?”

“फज, आजी. संत्र्याचा. ढवळावं लागत नाही.”

“ढवळायचं नाही, तर मग करायचं काय?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर त्या दिवशी ओट्यापाशीच मिळाले. आटवणे कारखान्याने केले, घोटणे कारखान्याने केले. वास मात्र कारखान्याने केलेला नाही. तो घरी काढावा लागतो, आणि तो काढायला खांदा लागत नाही, नाक लागते.

संत्र्याचा वास रसात नसून सालीत असतो. लहानपणी आपण सगळ्यांनीच संत्र्याची साल भावंडांच्या डोळ्यांत पिळलेली आहे आणि त्याबद्दल धपाटेही खाल्ले आहेत. दिवाळीत तीच साल पणतीच्या ज्योतीवर पिळून पाहा. चटचट ठिणग्या उडतात. सालीच्या केशरी थरात बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांत हे तेल भरलेले असते. त्याचा मोठा भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा, आणि ते पेट घेते म्हणून ठिणग्या. तेल असल्यामुळे ते चॉकलेटच्या स्निग्धात सहज विरघळून बसते. रसाचे तसे नाही. रस म्हणजे बहुतांशी पाणी. नुसते चॉकलेट वितळवताना त्यात थेंबभर पाणी पडले तर त्यातली साखर ओली होऊन कणाला कण चिकटतो आणि सगळ्याचा घट्ट, रवाळ गोळा होतो. आटीव दुधात चॉकलेट वितळवले तर गोळा होत नाही, पण रस ओतला की वडी धरत नाही. तेव्हा रस पिऊन टाकावा आणि साल ठेवावी.

साल किसण्याचे काम आईने मागून घेतले. ती स्टुलावर बसली, किसणी ताटात टेकवली, आणि संत्रे बोटांनी फिरवीत राहिली. “रंगापुरतं किसायचं. पांढरं दिसलं की थांबायचं,” ती नातीला म्हणाली. केशरी थराखालचे ते पांढरे अस्तर कडू असते, आणि ते एकदा पडले की मागून साखर घालून कडूपणा झाकत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे हे काम वाटते तितके सोपे नाही. फळ किसणीखाली दबते आणि साल फाटते. ह्यावर तोडगा म्हणजे संत्री तासभर फ्रिजमध्ये ठेवून कडक करायची आणि सोलण्याआधी अख्खीच किसायची. बाजारातल्या फार चकचकीत फळांवर बहुधा मेण चढवलेले असते, म्हणून आधी कोमट पाण्याने चोळून, धुऊन कोरडी पुसायची. दिवाळीच्या सुमाराला येतात ती आंबिया बहाराची फळे. साल कुठे कुठे हिरवट असते, त्याने बिघडत नाही. उलट वासाला किंचित धार येते. मृग बहाराची गोड फळे फेब्रुवारी-मार्चात येतात, ती खाण्यासाठी राखावी.

आता प्रमाण. आटीव दुधाचा सुमारे ४०० ग्रॅमचा एक डबा, पांढरे चॉकलेट ५०० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, तीन संत्र्यांची आणि एका कागदी लिंबाची किसलेली साल, पाव चमच्याहून कमी मीठ. मीठ वगळू नका. दोन्ही मुख्य जिन्नस अतोनात गोड आहेत, आणि मीठ नसले तर तिसऱ्या वडीला खाणारा हात आखडता घेतो. किसलेली साल चमचाभर पिठीसाखरेत बोटांनी चोळून पंधरा मिनिटे ठेवा. साखर तेल ओढून घेते आणि केशरी होते. ही युक्ती आमच्या लेकीची नव्हे, आईची. वेलदोड्याची साखर ती अशीच करते.

एका पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून आच अगदी मंद करा. त्यावर दुसरे कोरडे पातेले असे बसवा की त्याचे बूड पाण्याला टेकणार नाही. त्यात आटीव दूध आणि लोणी कोमट होऊ द्या, मग चॉकलेटचे बारीक तुकडे घाला. पाच-सात मिनिटांत सगळे वितळते. घाई करून आच मोठी केली तर तूप वेगळे सुटून वर तरंगते. पांढरे चॉकलेट काळ्यापेक्षा लवकर करपते. तूप सुटलेच तर चमचाभर कोमट दूध घालून जोराने फेटावे, बहुधा सावरते. गुळगुळीत झाले की खाली उतरवून मीठ आणि चोळलेली साल घाला. साल आचेवर घालू नये, वास उडून जातो. आंबटपणा हवा असेल तर रसाऐवजी लिंबूसत्त्वाची चिमूट घ्या, तीही दोन बोटांत मावेल एवढीच. लोणकागद घातलेल्या २० सेंटीमीटर चौरस डब्यात ओतून वरून सपाट करा आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने उभे आठ, आडवे आठ असे कापले की ६४ वड्या होतात.

चॉकलेट घेताना मात्र वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावीत. दुकानांत ‘कंपाउंड’ म्हणून जे पांढरे चॉकलेट स्वस्तात मिळते, त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पती-तूप असते. अमेरिकेत २००४ पासून, जे पांढरे चॉकलेट म्हणून विकायचे त्यात शेकडा निदान २० भाग कोकोचे लोणी असावे असा नियम आहे. कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरा खालीच वितळते, म्हणून ते तोंडात टाकताच विरते. कंपाउंडचा थर टाळ्याला चिकटून राहतो. पण त्याचाही एक गुण आहे: ऑक्टोबरच्या उन्हात ते टिकाव धरते. डबा कुणाला गावी पाठवायचा असेल तर अर्धे-अर्धे घ्यावे, असे माझे मत झाले आहे.

ह्या लोण्यावरून कोकणातल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट. युरोपीय संघाने २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमांत कोकोच्या लोण्याबरोबर शेकडा ५ पर्यंत दुसरी वनस्पती-स्निग्धे चालतील असे ठरवले आणि अशा सहाच स्निग्धांची यादी दिली. त्यात आंब्याच्या कोयीचे तेल आहे, सालबियांचे आहे, आणि कोकमाचेही आहे. थंडीत टाचांच्या भेगांना चोळायला आजीच्या फडताळात असे ते कोकमतेल! ब्रसेल्सच्या यादीत त्याचे नाव वाचताना ओळखीचा माणूस परदेशी फलाटावर भेटल्यासारखे वाटते.

वड्या कापून झाल्यावर नावावरून घरात वाद झाला. लेक म्हणे फजच. ही म्हणाली, पांढरी आहे तर बर्फी म्हणा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हिची बाजू भक्कम, कारण बर्फी आली फारसी ‘बर्फ’वरून, आणि हा पदार्थ बर्फासारखा पांढरा असून बर्फाच्या कपाटातच गोठतो. शिवाय त्यातल्या फळाचे नाव तरी काय कमी फिरले आहे? संस्कृतातले नारंग फारसीत, अरबीत, मग स्पॅनिशात ‘नारांहा’ होत होत इंग्रजीत ‘ऑरेंज’ होऊन परत आपल्याच घरी आले. मी वडी म्हणावे म्हणालो. आईने तेवढे मानले नाही. “वडी थापावी लागते,” ती म्हणाली. “हे तुम्ही ओतलंत.” भाषाशास्त्राच्या पुस्तकात इतका नेमका भेद मी वाचलेला नाही. तरी ताट पाहुण्यांपुढे ठेवताना तिनेच, “संत्र्याचं आहे, साल मी किसलीये,” म्हणून सांगितले, आणि चकलीचे मीठही त्या दिवशी तिनेच पाहिले.

तिची खरी वडी मी वहीत उतरवून घेतो आहे. फजाची कृती अर्ध्या पानात मावली. ह्या वडीची नऊ पाने झाली आणि अजून ती पुरी नाही. किती वेळ परतायचे, असे विचारले तर ती म्हणते, “वास बदलेस्तोवर.” कसा बदलेस्तोवर? “आधी फळाचा येतो, मग खव्याचा, आणि मग दोन्ही येईनासे होतात, एकच येतो. तेव्हा.” हे मी जसेच्या तसे लिहून घेतले आहे. पण ते नाकाने ओळखायचे तर कुणीतरी तिच्यासमोर कढई परतायला उभे राहिले पाहिजे, आणि तिने मधे न उठता पाहिले पाहिजे. लेकीने फेब्रुवारीत, मृगाची संत्री आली की येते म्हणून कबूल केले आहे. कढई अजून माळ्यावरच आहे, पण कल्हईवाला कुठे भेटतो का, ह्याची चौकशी आईने माझ्यामागे लावली आहे. पुण्यात अजून तरी मला तो सापडलेला नाही. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे.

फज टिकायला फार काळजी नको. घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये लोणकागद घालून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन आठवडे चांगला राहतो; बाहेर मात्र दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. लसणीच्या चटणीशेजारी तर मुळीच ठेवू नये, कारण पांढरे चॉकलेट आजूबाजूचे सगळे वास ओढून घेते. वाढण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढावा, म्हणजे संत्रे बोलू लागते.